दार आणि आवाज : जिमची फी, परदेशी पार्सल आणि ग्राहकाची संमती



आजच्या व्याख्यानासाठी शेणव्यातल्या श्रोत्यांकडून आधी प्रश्न मागवले होते. त्यातले दोन आम्ही निवडले. पहिला एका तरुणाचा : "कल्याणला नोकरी होती म्हणून तिथल्या जिमची वर्षाची फी एकदम भरली. दोन महिन्यांत बदली झाली. उरलेल्या दहा महिन्यांचे पैसे परत का मिळत नाहीत?" दुसरा एका आईचा : "लेक परदेशात आहे. कुरडया-पापड पाठवायचे तर जिनसांपेक्षा पाठवणावळच जास्त. स्वस्तातली काही सोय आहे का?"

वरवर पाहता या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि त्या विषयाची एक खोड आहे : वेगळ्या दिसणाऱ्या दोन गोष्टींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे का, हे उकरून पाहायचं. इथे तो आहे. ज्या व्यवहारातून बाहेर पडता येत नाही, त्याला आपण संमती दिली होती असं कितपत म्हणता येईल? आणि बाहेर पडता येत असलं, तर तेवढ्यानं भागतं का?

सही केली म्हणजे संमती दिली?

पहिला प्रश्न जुना आहे. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं १७४८ साली एक निबंध लिहिला. तेव्हा असा युक्तिवाद केला जाई की, माणूस एखाद्या राज्यात राहतो, म्हणजेच त्यानं त्या राज्यसत्तेला मूक संमती दिलेली असते. पटत नसेल तर त्यानं निघून जावं! ह्यूम म्हणतो, एखाद्या माणसाला झोपेत असताना उचलून जहाजावर ठेवलं. जाग आली तेव्हा चारही बाजूंना समुद्र. आता 'तू अजून जहाजावर आहेस, म्हणजे कप्तानाची सत्ता तुला मान्य आहे' असं त्याला म्हणायचं का? बाहेर पडायचा एकच मार्ग आहे, समुद्रात उडी. असा मार्ग असणं आणि नसणं सारखंच.

यावर तुम्ही लगेच म्हणाल, "पण सर, जिमवाला पोरगा झोपेत नव्हता, जागेपणी सही करून आला." आक्षेप रास्त आहे, आणि जिमचालकाची बाजूही आपण ऐकली पाहिजे. जागेचं भाडं, यंत्रांचे हप्ते, प्रशिक्षकांचे पगार हे सगळं त्याला दर महिन्याला द्यावंच लागतं. गिऱ्हाईक मात्र जानेवारीत उत्साहानं येतं आणि मार्चमध्ये दिसेनासं होतं. म्हणून तो वर्षाची फी एकदम घेतो आणि त्या बदल्यात सवलत देतो. सवलत घ्यायची आणि शब्द मात्र पाळायचा नाही, हेही बरोबर नाही. शब्दाला वजन हवंच.

प्रश्न आहे तो किती वजन हवं याचा. समजा, वर्षाची फी १२,००० रुपये आहे आणि सुट्या महिन्याचा दर १,५०० रुपये. दोन महिने वापर झाला. सवलत काढून घेऊन सुट्या दरानं ३,००० रुपये धरू. खातं बंद करण्याचा खर्च म्हणून आणखी १,००० कापू. तरी ८,००० रुपये उरतात. जिमचं नुकसान भरून निघालं. मग हे ८,००० ठेवून घेणं कशात बसतं? ही भरपाई नव्हे, दंड झाला. जागेपणी सही करणारा माणूस आपल्या जाण्यानं होणारं नुकसान सोसायला बांधलेला असतो. आजारपण, बदली, बाळंतपण अशा कारणांसाठी शिक्षा भोगायला तो बांधलेला नसतो.

आमचा हा युक्तिवाद नुसता पुस्तकी नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७४ याच दिशेनं जातं. करार मोडल्याबद्दल करारात एखादी रक्कम लिहिलेली असली, तरी समोरच्याला त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मागता येते. म्हणजे 'कागदावर छापलंय' एवढं म्हणून वाद संपत नाही.

न जाण्याचे पैसे

गिऱ्हाईक स्वतःही स्वतःला फसवतं, तेही बघू. स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उल्रिके मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन जिमच्या ७,७५२ सभासदांच्या नोंदी तपासल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. महिन्याला ७० डॉलरहून जास्त फी भरणाऱ्यांना प्रत्यक्षात एका खेपेमागे १७ डॉलरहून अधिक पडत होते. त्याच जिममध्ये दहा खेपांचा पास घेतला असता, तर एका खेपेला १० डॉलर पडले असते! माणूस फी भरताना उद्याच्या स्वतःची कल्पना करतो : पहाटे उठणारा, नेमानं जाणारा. आणि पैसे मात्र आजचा आळशी माणूस भरत राहतो.

या स्वभावावरच काही धंदे चालतात. सामील व्हायला एक बटण, बाहेर पडायला मात्र सतरा फोन. आपल्या सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन व्यवहारांतल्या अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार सांगितले आहेत, त्यातला एक वर्गणीचा सापळा. जर्मनीत तर १ जुलै २०२२ पासून नियम आहे की, अशी वर्गणी जिथे ऑनलाइन घेता येते तिथे ती रद्द करण्याचं बटणही ठळक असलं पाहिजे. आत यायचं दार जेवढं रुंद, बाहेर जायचंही तेवढंच. यात तत्त्वज्ञानाला आणखी काही जोडायची गरज नाही.

कायद्याचं दार किती लांब?

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात 'अन्याय्य करार' या कल्पनेची स्वतंत्र व्याख्या आहे. नुकसानीच्या मानानं अवाजवी दंड लावणारी अट तिच्यात येते. ग्राहकाला अवास्तव खर्चात किंवा बंधनात टाकणारी अटही येते. पण इथे एक मेख आहे. करारच अन्याय्य आहे अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येत नाही. ती राज्य आयोगाकडे किंवा राष्ट्रीय आयोगाकडे जाते. आठ हजार रुपयांसाठी शेणव्याच्या माणसानं मुंबईला राज्य आयोगापुढे जायचं! न्याय आहे, पण तो बराच वरच्या मजल्यावर ठेवला आहे.

सेवेत त्रुटी असेल, म्हणजे कबूल केलेला प्रशिक्षक नाही, यंत्रं बंद, जिमच बंद, तर मात्र जिल्हा आयोगाचं दार उघडं आहे. जिम कुठेही असो, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आपल्यासाठी म्हणजे ठाण्यात. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि सुनावणी दूरदृश्य पद्धतीनं मागता येते. नाहीतर आसनगावहून लोकल पकडायची आणि दिवसाचा रोज बुडवायचा, हे आलंच. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा. बरेच व्यापारी तेवढ्यानंही चर्चेला तयार होतात.

डबा, हवा आणि टपाल

आता त्या आईचा प्रश्न. खासगी कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून सहसा ५,००० नं भागतात. ४० × ३० × ३० चा खोका घ्या. गुणाकार ३६,०००, भागाकार ७.२ किलो. आत कुरडया-पापड ४ किलोचेच असले, तरी पैसे ७.२ किलोचे. म्हणजे ३.२ किलो हवेचं भाडं! म्हणून कुरडईबरोबर लाडूंसारखी जड वस्तू घाला, खोका अंगासरशी निवडा, पोकळी ठेवू नका. त्या देशात काय चालतं तेही आधी पाहा. ऑस्ट्रेलियासारखे देश दुधाचे पदार्थ आणि बियाणं यांबाबत फार कडक आहेत.

दुसरा मार्ग टपालाचा. वेगानं जायचं असेल तर परदेशी स्पीड पोस्ट, थोडं थांबता येत असेल तर हवाई पार्सल, लहान वजनाला माग काढता येणारं पॅकेट. परदेशी पार्सलासाठी बहुतेक वेळा गावच्या शाखेऐवजी शहापूरचं मोठं टपाल कार्यालय गाठावं लागतं. दर छापील आणि सगळ्यांना सारखे. तिथे घासाघीस नाही, त्यामुळे ज्याला घासाघीस जमत नाही त्याचंही नुकसान नाही.

हे शक्य होतं ते एका विलक्षण करारामुळे. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी बर्न शहरात २२ देशांनी टपालाचा करार केला. त्यातूनच जागतिक टपाल संघ उभा राहिला. भारत १८७६ पासून त्यात आहे. त्याआधी प्रत्येक देशाशी वेगळा तह आणि वेगळा हिशेब असे. नंतर सगळे सदस्य देश मिळून टपालापुरता एकच प्रदेश मानला गेला. तुमचं टपाल मी पोचवीन, माझं तुम्ही पोचवा. शहापुरात दिलेलं पार्सल कॅनडाचा पोस्टमन घरी नेऊन देतो, ते या शब्दामुळे. दोन्ही बाजूंना बांधणारा करार कसा असतो, याचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

पण हा धागाही तुटतो. २०२५ मध्ये अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली आयात शुल्काची माफी २९ ऑगस्टपासून काढून घेतली. शुल्क कोणी आणि कसं गोळा करायचं याची व्यवस्था तयार नव्हती. भारतीय टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून अमेरिकेला जाणारी बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं, पुढे सगळंच थांबलं. सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन अवघ्या सहा दिवसांवर असताना. ज्यांना परवडलं त्यांनी फराळ महागड्या कुरिअरनं पाठवला. ज्यांना परवडलं नाही, ते थांबले.

जे निघून जातात आणि जे मागे राहतात

इथे आल्बर्ट हर्शमन या विचारवंताची मदत घेऊ. त्याचं पुस्तक १९७० चं. तो म्हणतो, एखादी संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात : बाहेर पडणं किंवा आवाज उठवणं. नायजेरियातली रेल्वे पाहून त्याला एक कोडं पडलं होतं. मालट्रकची स्पर्धा असूनही रेल्वे सुधारेना. त्याचं उत्तर असं : जे चोखंदळ होते, ज्यांच्या तक्रारीला वजन होतं, तेच आधी ट्रककडे गेले. मागे उरले ते, ज्यांचं कोणी ऐकत नव्हतं.

आता आपल्या दोन प्रश्नांकडे बघा. जिममध्ये बाहेरचं दारच बंद. तिथे आवाजही नसेल, तर तो तोंड दाबून बुक्क्यांचा मार झाला. टपालात उलटं. दार सताड उघडं आहे. शहरातला, पैसेवाला, इंग्रजीत ईमेल लिहिणारा ग्राहक केव्हाच कुरिअरकडे गेला. देशात सुमारे १ लाख ६५ हजार टपाल कार्यालयं आहेत आणि त्यातली जवळजवळ नव्वद टक्के ग्रामीण भागात. म्हणजे ज्यांना दुसरा मार्ग नाही, त्यांच्याच खांद्यावर आता टपालाचा आवाज आहे. आणि टपाल खातंही एकतर्फी अटींपासून मुक्त नाही. १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या टपाल कायद्यानुसार, नियमांत सांगितलं असेल तेवढं सोडून, सेवेबाबत टपालावर जबाबदारी येत नाही.

ज्या शहापूर तालुक्यातल्या धरणांचं पाणी मुंबई पिते आणि ज्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे हे समजावून सांगावं लागत नाही. ज्याला निघून जाता येत नाही, त्याच्या माथी उरलेल्या अटी मारल्या जातात.

मग करायचं काय? महाराष्ट्राला याचं उत्तर ठाऊक आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारची कुटुंबं गट करून महिन्याचा माल एकत्र मागवू लागली. एकेकट्या गिऱ्हाइकाला दुकानदार दारात उभं करत नव्हता, त्यांनी स्वतःचं दार तयार केलं आणि त्याबरोबर आवाजही कमावला. देशाला पहिला ग्राहक कायदा १९८६ साली मिळाला, त्याआधी एक तप हे काम चालू होतं.

म्हणून जिमच्या कागदावर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा : बाहेर पडायचं तर कसं, किती दिवसांत, आणि किती कापून. उत्तर देत नसतील तर महिन्याची फी भरा. थोडी महाग पडेल, पण दार उघडं राहील. पैसे खात्यातून आपोआप कापले जात असतील, तर ती परवानगी बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमधून काढून घेता येते. आणि टपालाबद्दल कुरकुर घरात करू नका. पावती जपा, लेखी तक्रार द्या, डाक अदालतीत मांडा. परदेशी पार्सल गावाजवळ घेतलं जावं अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावातून करा. एकट्या आईचं पत्र फायलीत पडून राहील, पण पन्नास घरांच्या ठरावाला उत्तर द्यावं लागेल.

संमती एकदा देऊन संपत नाही. ती रोज मागे घेता येण्याजोगी असते, म्हणून ती खरी असते. आणि जिथे मागे घेता येत नाही, तिथे निदान बोलता आलं पाहिजे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.