खो कधी द्यायचा? आक्रमणामागचे विज्ञान

तलासरी तालुक्यातल्या झरीपासून डहाणूच्या किनारपट्टीपर्यंत आश्रमशाळांच्या मैदानांवर खो-खो रंगतो. मैदान, दोन खांब आणि मुले असली की पुरे. संघ बांधताना शिक्षकांची पहिली नजर वेगवान मुलांवर जाते, ते स्वाभाविकच आहे. पण आक्रमण उभे राहते ते वेळ साधण्यावर, आणि त्यामागे शरीरशास्त्र व भौतिकशास्त्राचे साधे नियम आहेत.

१९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम बांधायला घेतले. पळणाऱ्याला कुठेही वळता येते, मधली पाटी हवी तेव्हा ओलांडता येते. पाठलाग करणाऱ्याला पाटी ओलांडता येत नाही, घेतलेली दिशाही खांबापर्यंत बदलता येत नाही. म्हणजे एकटा आक्रमक हरणारच. संघ मात्र वळू शकतो, कारण चौकात बसलेले गडी आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून असतात. खो दिला की पाठलागाची बाजू क्षणात बदलते.

हा क्षण किती मोठा? खो पाठीमागूनच द्यावा लागतो, म्हणून आक्रमकाच्या बाजूकडे पाठ असलेला गडीच त्याच्या कामाचा. असा गडी एक सोडून एका चौकात, मोठ्यांच्या मैदानावर साधारण ५ मीटरवर, सापडतो. सेकंदाला ५ मीटर धावणाऱ्या आक्रमकाने एक संधी हुकवली, तर पुढची एका सेकंदाने येते. तेवढ्यात पळणारा पलीकडे निसटतो.

खो मिळालेल्या गड्याचेही घड्याळ असते. आवाज किंवा स्पर्श जाणवून हालचाल सुरू व्हायला माणसाला सेकंदाच्या साधारण सातव्या ते पाचव्या हिश्श्याइतका वेळ लागतो. डोळ्यांनी पाहून हलायला थोडा अधिक. मात्र पळणाऱ्याची चाल आधीच ओळखून सज्ज बसलेला गडी उठताना अडखळत नाही. वाचलेले ०.२ सेकंद म्हणजे त्या वेगाला १ मीटर, हात लांबवून पळणाऱ्याला बाद करण्याइतके अंतर. म्हणून बसलेल्या मुलाचे काम वाट पाहणे नव्हे, खेळ वाचणे आहे.

खांबावरचे वळण हा दुसरा प्रश्न. १ मीटर त्रिज्येत ५ मीटर प्रतिसेकंद वेगाने वळायला मुलाच्या वजनाच्या अडीच पट बल लागते. पायाखालच्या मातीचे घर्षण तेवढे बल देत नाही. वेग ३ मीटर प्रतिसेकंदावर आणला, तर वजनाएवढ्याच्या आसपास बल पुरते. हाताने खांब धरला, तर उरलेले बल खांब देतो. म्हणून खांबाजवळच्या चौकांत खांबावर वळण्यात आणि सूर मारण्यात तरबेज मुले बसवावीत. मधल्या चौकांत झटकन उठणारी आणि पलीकडची चाल ओळखणारी मुले हवीत.

तिसरी गोष्ट दमाची. काही सेकंदांच्या जोरदार धावेला स्नायूंतला फॉस्फोक्रिएटिन हा साठा ऊर्जा पुरवतो. तो संपल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात निम्मा भरतो, पूर्ण भरायला काही मिनिटे लागतात. आक्रमकाला बसल्या जागी ही विश्रांती मिळते, पाठलागात सापडलेल्या पळणाऱ्याला मिळत नाही. पण एकच वेगवान मुलगा लांबच लांब धावत राहिला, तर संघ हा फायदा स्वतःहून गमावतो. पटापट दिलेले खो पळणाऱ्याला थकवतात आणि आपल्याला ताजे ठेवतात.

चांगला पळणारा साखळीत धावतो, म्हणजे ठरावीक लयीत बसलेल्यांच्या मधून नागमोडी जातो. ही लय मोडायची तर खोची लयही बदलती हवी : कधी लागोपाठ, कधी हूल देऊन थांबून. लहान मुलांना सुरुवातीला दोनच ठरलेल्या चाली शिकवाव्यात. दोन्ही अंगवळणी पडल्यावर तिसरी.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. झरीच्या मुलांनाही तिथवरची वाट धरता येईल. त्यासाठी शिक्षकांनी एवढे करावे : सरावात कोण किती वेगाने धावला याबरोबरच कोणी किती खो वेळेवर दिले, याचीही नोंद ठेवावी.