केसांचे वळण : उष्णतेने की रसायनाने?

घरात लग्नकार्य निघाले की कुरळ्या केसांच्या एखाद्या ताईपुढे हल्ली हा प्रश्न हमखास उभा राहतो. तापलेल्या स्ट्रेटनरने केस त्या दिवसापुरते सरळ करावेत, की पार्लरमध्ये जाऊन रसायनाने कायमचे सरळ करून घ्यावेत? जाहिराती वाचून याचे उत्तर मिळत नाही. केसाच्या आत काय घडते हे कळले, तर मात्र निवड पुष्कळ सोपी होते.

केसाची घडण

केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा होय. नखे, शिंगे आणि लोकर यांतही केराटिनच असते. केसावर माशाच्या खवल्यांसारखे पातळ आवरण असते आणि आत केराटिनचे मळसूत्रासारखे वळलेले लांब रेणू शेजारी शेजारी असतात. हे रेणू एकमेकांना जखडून ठेवणारे दोन बंध आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला हायड्रोजन बंध. तो संख्येने भरपूर, पण एकेकटा दुबळा. दुसरा गंधकाच्या दोन अणूंमधील बंध. तो हायड्रोजन बंधापेक्षा दहापटीहून अधिक बळकट असतो. केस जळाला की जी उग्र दुर्गंधी येते, ती बरीचशी या गंधकामुळेच.

केस सरळ करणे म्हणजे यांपैकी एक बंध तोडून, रेणू थोडे सरकवून, तो बंध नव्या जागी पुन्हा जोडणे. कोणता बंध तोडला यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

उष्णतेची रीत

एक सोपा प्रयोग करा. फणीला आलेला एक लांब केस पाण्यात भिजवून पेन्सिलीभोवती घट्ट गुंडाळा, टोकांना चिकटपट्टी लावा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी सोडवलात की त्याला वळसे पडलेले दिसतील. आता तो पुन्हा पाण्यात बुडवा. वळसे नाहीसे होतात! पाण्याचे रेणू केसात शिरून हायड्रोजन बंध सोडवतात आणि केस वाळताना ते बंध नव्या जागी जुळतात. सुती सदऱ्याला पाणी शिंपडून इस्त्री करताना याच तऱ्हेचे बंध सुटतात व जुळतात. स्ट्रेटनरचे कामही असेच, फक्त तेथे मुख्य काम उष्णतेचे असते.

हवेतील बाष्पही केसावर परिणाम करते. स्विस शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १७८३ साली याच गुणाचा उपयोग करून केसाचा आर्द्रतामापक वर्णिला. कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत गेल्यावर केसाची लांबी सुमारे २ ते २.५ टक्क्यांनी वाढते. मुंबईच्या जुलै महिन्यात सकाळी सरळ केलेले केस संध्याकाळी पुन्हा का वळतात, हे आता ध्यानात येईल.

ही रीत तात्पुरती आहे, पण निर्धोक नव्हे. स्ट्रेटनरच्या पट्ट्या २०० अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याहूनही अधिक तापतात. ओला केस त्यांत धरला तर आतल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि केसात पोकळ बुडबुडे तयार होतात. अशा जागी केस सहज तुटतो. सदऱ्याला पाणी शिंपडावे. केस मात्र पुरते वाळल्यावरच स्ट्रेटनरला द्यावेत, आणि तापमानही बेताचे ठेवावे.

रसायनाची रीत

गंधकाचा बंध नुसत्या पाण्याने सुटत नाही. ‘रीबाँडिंग’मध्ये थायोग्लायकोलिक आम्लाच्या क्षाराने तो तोडतात, केस सरळ करतात आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या द्रव्याने तो नव्या जागी जोडतात. असा केस पावसात भिजला तरी वळत नाही. मात्र सर्वच बंध पुन्हा जुळतात असे नाही, म्हणून केस पूर्वीपेक्षा दुबळा होतो.

दुसऱ्या एका प्रकारात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा वापरतात. त्याने दोनपैकी गंधकाचा एक अणूच निघून जातो आणि तो बंध पूर्ववत होत नाही. हे द्रव्य टाळू भाजू शकते, डोळ्यांत गेले तर फारच घातक. एका पद्धतीने सरळ केलेल्या केसांना दुसरी पद्धत लावली, तर केस तुटून हाती येण्याची भीती असते.

तिसऱ्या प्रकारात रसायन आणि उष्णता एकत्र येतात. ‘केराटिन ट्रीटमेंट’ या नावाने मिळणाऱ्या काही मिश्रणांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. प्रयोगशाळेतल्या बरणीतील बेडूक ज्या फॉर्मलिनमध्ये ठेवतात, ते या वायूचेच द्रावण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तो माणसात कर्करोग निर्माण करणारा ठरवला. पार्लरमध्ये रोज काम करणाऱ्या मुलींच्या श्वासात तो ग्राहकापेक्षा कितीतरी अधिक जातो. त्याऐवजी काही ठिकाणी ग्लायऑक्सिलिक आम्ल वापरले जाते. पण असे मलम तीन वेळा लावलेल्या एका तरुणीच्या मूत्रपिंडांना तीनही वेळा इजा झाल्याची नोंद फ्रान्समधील डॉक्टरांनी २०२४ साली प्रसिद्ध केली.

मग निवड कशी करावी?

एका दिवसाच्या समारंभासाठी कायमचा बंध तोडण्याचे कारण नाही. कोरड्या केसांवर बेताची उष्णता पुरते. रसायनच लावायचे झाले, तर ताईने आधी डब्यावरची घटकद्रव्ये वाचावीत, आपल्या केसांवर पूर्वी काय लावले होते ते स्पष्ट सांगावे आणि खोली हवेशीर आहे ना ते पाहावे. शाळेच्या वयात तर ही रसायने दूरच ठेवलेली बरी.

आणखी एक गोष्ट. टाळूबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्वचेवरची जखम भरून येते, तसा बिघडलेला केस स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. तो कापून नवा येण्याची वाट पाहावी लागते. आणि केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. नवा केस कुरळा की सरळ, हे त्वचेतील केशमुळाची घडण ठरवते. तिथपर्यंत ना स्ट्रेटनर पोहोचतो, ना रीबाँडिंग. म्हणून ‘कायमचे’ सरळ केलेले केसही मुळाशी पुन्हा कुरळेच उगवतात. पार्लरच्या पाटीवरील ‘कायमचे’ या शब्दाचा अर्थ एवढाच घ्यावा!