वेळ एकट्याची नसते

वेळ म्हणजे काय? कुणी म्हणेल, घड्याळात बघा. कुणी म्हणेल, सूर्य कुठं आला ते बघा. पण घड्याळ वेळ फक्त मोजतं. वेळ म्हणजे काय, हे त्याला सांगता येत नाही.

इमॅन्युएल लेव्हिनास यांनी या प्रश्नाचा खोल विचार केला. त्यांचा जन्म १९०६ साली लिथुआनिया देशात, एका ज्यू घरात झाला. पुढे ते फ्रान्समध्ये राहिले. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रान्सच्या सैन्यात होते. १९४० साली जर्मनांनी त्यांना पकडले. पाच वर्षे ते कैदेत होते. तिथे जंगलात लाकडं तोडायचं काम होतं. तिकडे लिथुआनियात त्यांचे आईवडील आणि भाऊ मारले गेले. त्यांनी कुणाचं काही केलं नव्हतं. ते ज्यू होते, एवढंच.

सुटून आल्यावर, १९४६-४७ साली, लेव्हिनास यांनी पॅरिस शहरात चार व्याख्याने दिली. विषय होता, काळ आणि दुसरा माणूस. त्यांचं सांगणं थोडक्यात असं, की एकट्या माणसाला काळ नसतो.

हे कसं, ते आपण पाहू. जो अजून आपल्या हाती नाही, तो उद्या. एकटा माणूस मनाशी बेत करतो. पण ते त्याच्या आजच्याच मनातले असतात. खरं नवं येतं ते बाहेरून. दुसरा माणूसही तसाच. त्याचं मन आपल्या मुठीत नसतं. तो काय बोलेल, ते आधी ठरवता येत नाही. म्हणून तो दाराशी येतो, तेव्हा त्याच्याबरोबर उद्याही येतो.

आम्ही आपल्याकडचंच एक उदाहरण घेतो. थोरल्या भावाने बांध कोरला. धाकटा भांडला. दहा वर्षं बोलणं नाही. दहा पंचांगं बदलली, पण त्या दोघांत अजून भांडणाचाच दिवस चालू आहे. मागे जाऊन चूक पुसणं थोरल्याला एकट्याला जमणार नाही. पण कोरलेली जमीन सोडून तो धाकट्याच्या दाराशी गेला, आणि धाकटा म्हणाला, "ये दादा, बस," तर तो जुना दिवस मावळतो.

याला क्षमा म्हणतात. १९६१ साली निघालेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात लेव्हिनास यांनी तिचा विचार केला आहे. क्षमा म्हणजे विसरणं नव्हे. विसरलं तर नातं तुटलेलंच राहतं. क्षमा केली तर ते पुन्हा जुळतं.

मात्र एक गोष्ट ते बजावून सांगत. ज्याच्यावर अन्याय झाला, त्यानेच क्षमा करायची. त्याच्या वतीने दुसऱ्या कुणाला, अगदी देवालाही, ती करता येत नाही. मग जो मारला गेला, त्याची क्षमा कुणाकडे मागायची?

म्हणून आम्ही म्हणतो, ज्याचं आपण काही वाईट केलं असेल, तो माणूस आहे तोवरच त्याच्या दाराशी जाऊ या.