प्लास्टरमधल्या बाळाची बोटे

माझा धाकटा भाऊ जन्मला तेव्हा त्याची दोन्ही पावले आत वळलेली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आईनं ग्रहणात काहीतरी चिरलं असंल." आई खूप रडली. पण डॉक्टरांनी सांगितले की ग्रहणाचा आणि पायाचा काही संबंध नाही. आईची काही चूक नसते. हजारात एखाद-दुसऱ्या बाळाचे पाय जन्मापासूनच असे असतात. याला क्लबफूट म्हणतात.

हे पाय सरळ करण्याची रीत डॉ. पॉन्सेटी यांनी शोधली. ते १९१४ साली स्पेनमध्ये जन्मले आणि अमेरिकेत काम करीत. पाय हलक्या हाताने थोडा वळवायचा व बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालायचे. आठवड्याने ते काढून पाय आणखी थोडा वळवायचा व नवे घालायचे. अशी ५ ते ७ प्लास्टरे लागतात. आमचे वडील दर बुधवारी कामाचा खाडा करून आईबरोबर एस.टी.ने साताऱ्याला जात.

प्लास्टर म्हणजे काय? जिप्सम नावाचा दगड भाजून त्यातले पाणी घालवतात व पूड करतात. गणपतीच्या मूर्तीही या पुडीच्या करतात. पुडीत पाणी घातले की ती घट्ट होते आणि गरम होते. गुरुजींनी वर्गात वाटीत कालवून दाखवली. थोड्या वेळाने वाटी हाताला चांगली ऊन लागली! थर जाड असला किंवा पाणी कढत असले तर ती जास्त तापते.

बाळाची कातडी नाजूक असते. म्हणून पायाला आधी कापूस गुंडाळतात आणि पट्टी साध्या पाण्यात भिजवतात. प्लास्टर घट्ट होत असताना ते उशीवर ठेवू नये व वर गोधडी टाकू नये. ऊब आत कोंडते आणि कातडी भाजू शकते.

पुढे मात्र उलटे होते. ओले प्लास्टर माठासारखे गार पडते. ते पुरते वाळायला एक-दोन दिवस लागतात. लहान बाळ लवकर गारठते आणि आपल्यासारखे कुडकुडतही नाही. पहिल्या दिवशी आजीने शेगडी पेटवली व म्हणाली, "लेकराचा पाय गार पडलाय, शेक देते." आई म्हणाली, "नको आत्या. आत पाय भाजला तर बाळ सांगणार कसं?" आजीला ते पटले. तिने बाळाला टोपडे व स्वेटर घातला आणि प्लास्टर उघडे ठेवून त्याला छातीशी धरले.

उन्हाळ्यात माण, खटाव, जत, आटपाडी या भागात फार ऊन असते. तेव्हा बाळाला सावलीत ठेवावे व अंगात एकच सुती झबले घालावे. प्लास्टरच्या आत तेल, पावडर किंवा काडी घालू नये. अंघोळ घालू नये, ओल्या कापडाने अंग पुसावे.

सगळ्यात महत्त्वाचे काम बोटे बघायचे. आमच्या घरी ते माझ्याकडे होते.

१) बोटे गुलाबी व उबदार हवीत.
२) नख दाबले की पांढरे होते. सोडल्यावर "एक, दोन" म्हणेपर्यंत ते परत गुलाबी झाले पाहिजे.
३) बोटे निळी, फिकी, गार किंवा सुजलेली दिसली, प्लास्टरला घाण वास आला किंवा बोटे आत सरकली, तर लगेच दवाखान्यात न्यावे.

तिसऱ्या प्लास्टरला संध्याकाळी मला डाव्या पायाची बोटे निळसर दिसली. नख दाबून सोडले तर ते पांढरेच राहिले. मी ओरडलो. वडिलांनी शेजाऱ्यांची मोटारसायकल घेतली आणि रात्रीच बाळाला नेले. डॉक्टरांनी प्लास्टर कापले आणि बोटे गुलाबी झाली. ते म्हणाले, "सकाळपर्यंत थांबला नाहीत ते बरं केलंत."

आता बाळाला दांडीचे बूट आहेत. ते पहिले ३ महिने दिवसातून २३ तास घालायचे आणि नंतर ४ वर्षांचा होईपर्यंत झोपताना घालायचे. कंटाळा केला तर पाय परत वळतात.

२०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचे डॉक्टर अंगणवाडीत मुले तपासायला येतात. वाकड्या पायाचे बाळ असेल तर लपवू नका, त्यांना दाखवा. उपचार मोफत आहेत.

आमचे बाळ आता धरून उभे राहते. पाय जमिनीवर सपाट टेकतात. आई आता रडत नाही, हसते.

इयत्ता ४ थी