विश्लेषण : एकच पासवर्ड सगळीकडे कसा चालतो?

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र लातूरला आहे. अशा दोन शहरांत विभागलेल्या संस्थेला प्रत्येक संगणकावर वेगळे खाते न उघडता सर्वांची नावे व पासवर्ड एकाच ठिकाणी ठेवता येतात. ही सामाईक नोंदवही म्हणजे डिरेक्टरी सर्व्हर.

तो चालतो कसा?
‘एलडॅप’ ही त्याची पद्धत १९९३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात आकाराला आली. ‘ओपनएलडॅप’ या मोफत सॉफ्टवेअरमधील ‘स्लॅपडी’ हा प्रोग्राम कमांड देऊन सुरू केला, की पडद्यामागे सतत चालू राहतो आणि प्रत्येक लॉगिन पडताळतो.

धोका काय?
तो बंद पडला तर ऐन परीक्षेच्या काळात सगळ्यांचेच लॉगिन अडू शकते. सेटिंगमधील एक चूकही त्याला पुरते.

मग काळजी कोणती?
सेटिंग बदलल्यावर आधी ‘स्लॅपटेस्ट’ने तपासणी, मगच सर्व्हर पुन्हा सुरू करणे. ३८९ क्रमांकाच्या पोर्टवर टीएलएस सुरक्षा नसेल तर पासवर्ड उघडाच प्रवास करतो. त्यामुळे ती हवीच. नोंदींची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर लातूरला असेल, तर नांदेडशी संपर्क तुटला तरी तिथले काम थांबत नाही.