अंदमानला पक्षी बघायला जाताय? आधी घड्याळाचं गणित समजून घ्या

जानेवारीत सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून पहाटे सहाला गाडी काढली, तरी नान्नजच्या माळरानावर सूर्योदयाआधी पोचता येतं. अंतर वीस-बावीस किलोमीटर आणि सूर्य उगवतो सातच्या सुमारास. माळढोक दिसला तर आता बातमीच होते, पण चंडोल, धाविक भेटतात. हीच सवय घेऊन अंदमानला गेलात, तर पहिली सकाळ हातची गेलीच म्हणून समजा.

अंदमान सोलापूरच्या पूर्वेला जवळपास 17 अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात. म्हणजे सूर्य तिथे तासाभरापेक्षा जास्त आधी उगवतो, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच! जानेवारीत पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, सहाच्या आधीच सूर्य वर येतो आणि सव्वापाचच्या सुमारास मावळतो. हॉटेलचा आठचा नाश्ता करून निघालात, तर जंगलातली सर्वात बोलकी वेळ संपलेली असते.

आणि तिथे जायचं ते याच जंगलासाठी. अंदमानचा काळा सुतार, तपकिरी भारद्वाज, अंदमान टकाचोर हे पक्षी या द्वीपसमूहाबाहेर दिसत नाहीत. शहरापासून सुमारे 25 किलोमीटरवरच्या चिडिया टापूसाठी दोन दिवस ठेवा. तिथे संध्याकाळीही थांबा. लवकर अंधारतं, त्यामुळे घुबडं ऐकून-बघूनही जेवायच्या वेळेला परतता येतं. फक्त मोबाईलवर त्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका. विणीच्या काळात पक्ष्याला तो घुसखोर वाटतो. माउंट हॅरिएटला एक सकाळ द्या, चॅथमहून बांबूफ्लॅटला फेरी जाते. हॅवलॉक सुंदरच आहे, पण चार दिवसांच्या सहलीतला एक दिवस बोटीतच जातो.

रील्समध्ये दिसणारा नारकोंडमचा धनेश मात्र यादीतून काढा. जगात तो फक्त त्याच, जेमतेम सात चौरस किलोमीटरच्या बेटावर राहतो आणि तिथे विशेष परवानगीशिवाय जाता येत नाही.

जानेवारी ते मार्च पाऊस कमी असतो. सोलापूर मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावरच आहे, पुढे चेन्नईहून विमान. परतीचं विमान उशिराचं मिळालं, तर जाता जाता सिप्पीघाट करा. 2004 च्या त्सुनामीनंतर तिथल्या शेतांत पाणी शिरलं. आज त्या पाण्यात डोळ्याभोवती पांढरं कडं असलेलं अंदमान टील बदक पोहताना दिसतं.