डिझाइन शिकायचंय? मग आधी मशिदीच्या दारात उभं राहून बघा

बारावीचा निकाल लागला की पालकांची विचारणा सुरू होते. ‘मुलाला कॉम्प्युटरवर चित्रं काढायची आवड आहे, डिझाइनला जायचं म्हणतोय. कुठला क्लास लावू?’ त्यापाठोपाठ सॉफ्टवेअरची नावं येतात. फोटोशॉप, कोरल, हल्ली फिग्मा. तीन-चार महिन्यांचे असे क्लास आज प्रत्येक शहरात आहेत. क्लास संपतो, मुलगा लग्नपत्रिका आणि ईद मुबारकचे बॅनर करू लागतो आणि बऱ्याचदा गाडी तिथंच अडकते. त्या कामाला आम्ही कमी लेखत नाही, त्यावर घरं चालतात. पण चार वर्षं घालवून आणि मोठी फी भरून जे डिझाइन शिकलं जातं ते काय असतं, हे पैसे भरण्याआधी घरात सगळ्यांना कळलेलं बरं.

आपल्या देशात या शिक्षणाची सुरुवात जुनी आहे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था (एनआयडी) १९६१ ची, आयआयटी मुंबईतलं औद्योगिक डिझाइन केंद्र (आयडीसी) १९६९ चं. अशा ठिकाणी शिक्षणाचा कणा असतो तो स्टुडिओ. मोठी खोली, टेबलं, भिंतींवर टाचलेले कागद. शिक्षक धडा शिकवून निघून जात नाहीत, एक अडचण समोर ठेवतात आणि काही आठवडे देतात. सॉफ्टवेअर मुलं त्या ओघात शिकतात. आणि पहिली अट अशी की ज्याच्यासाठी वस्तू करायची, त्या माणसापासून सुरुवात करायची. यालाच युजर-सेंटर्ड डिझाइन म्हणतात. डोनाल्ड नॉर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८६ च्या पुस्तकानंतर हा शब्द जगभर रुळला.

हे नुसतं वाचून नीट कळत नाही. म्हणून आपल्या रोजच्या पाहण्यातलं उदाहरण घेऊ. समजा, स्टुडिओत काम मिळालं : मशिदीतला नमाजच्या वेळांचा फलक आणि त्याच्या जोडीला मोबाइलवरचा पडदा नव्यानं करा.

क्लासमधून आलेला मुलगा लगेच कॉम्प्युटर उघडेल. हिरवा रंग, घुमट, चंद्रकोर, सोनेरी अक्षरं. संध्याकाळपर्यंत काम तयार! स्टुडिओत मात्र पहिले आठ दिवस कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. मशीद कमिटीची परवानगी घ्यायची, वही घ्यायची आणि पाचही वेळा दाराशी उभं राहून बघायचं. बघितलं की बऱ्याच गोष्टी दिसू लागतात. माणूस फलकाकडे बघतो तो चपला काढताना किंवा वजू करून हात झटकत येताना, जेमतेम दोन-तीन सेकंद. फलकावर फजरपासून इशापर्यंतच्या आणि जुम्याच्या अशा सहा वेळा आहेत, पण त्याला त्या घटकेला एकच हवी आहे. तीसुद्धा घड्याळातली वेळ म्हणून नको, ‘जमाअत उभी राहायला किती मिनिटं उरली’ एवढंच त्याला कळायला हवं. अजानची वेळ आणि जमाअतची वेळ शेजारी शेजारी लिहिलेली, त्यामुळे नवखा मुसाफिर गोंधळतो. वर्कशॉपवाल्याला तर दारात आल्यावर कळून काही उपयोगच नाही, त्याला मशीन बंद करण्याआधी समजायला हवं. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी हा फलकच अजान आहे.

आणि मुअज्जिनसाहेब? ते फक्त वाचणारे नाहीत, वेळ बदलणारेही तेच. मगरिब सूर्यास्ताबरोबर सरकत राहते, बाकीच्या वेळा कमिटी अधूनमधून बदलते. दर वेळी स्टुलावर चढून काटे फिरवायचे किंवा बारीक बटणं दाबायची ती त्यांनीच. कितीही देखणा फलक केला आणि तो बदलणं त्यांना जमलं नाही, तर महिन्याभरात वेळा चुकीच्या दिसू लागतील. हा माणूस कागदावरच्या कामात हमखास राहून जातो. आमच्या मते सगळ्या प्रोजेक्टमध्ये महत्त्वाचा तोच.

आठ दिवसांनी कामाचं नावच बदलतं. ‘फलक सुंदर करा’ हे राहत नाही. ‘जमाअतला किती वेळ उरला ते तीन सेकंदांत कळावं आणि वेळ बदलायला मुअज्जिनला एक मिनिट पुरावं’ अशी ओळ वहीत येते. आता चित्र काढायचं, तेही पुठ्ठ्यावर, मार्करनं. मोबाइलचा पडदाही कागदाचाच. माणूस कागदावरच्या बटणावर बोट ठेवतो आणि विद्यार्थी हातानं पुढचा कागद सरकवतो. पोरखेळ वाटेल, पण चूक इथं सापडली तर कागद फाडून भागतं. तीच चूक सगळं बनवून झाल्यावर सापडली की महिना जातो.

मग चाचणी. शंभर माणसं लागत नाहीत. याकोब नील्सन या अभ्यासकानं २००० साली मांडलं होतं की पाच माणसांकडून वापरून घेतलं तरी बहुतेक मोठ्या चुका उघड होतात. अट एकच, समजावून सांगायचं नाही. ‘चाचा, असरची जमाअत कधी आहे, बघून सांगा’ एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. चाचा चुकले तर चूक फलकाची धरायची. आकडे उर्दू, देवनागरी की इंग्रजी, यावर कमिटीत तासभर वाद होऊ शकतो. चाचणीत त्याचा निकाल दहा मिनिटांत लागतो.

शेवटी ज्युरी बसते, म्हणजे शिक्षक आणि बाहेरून आलेले जाणकार यांच्यासमोर काम मांडायचं. तिथं रंगांचं कौतुक कमी होतं आणि ‘हे कुणाला दाखवलंस? तो कुठं अडला? मग तू काय बदललंस?’ हे जास्त विचारलं जातं. टोचतं. घरी पहिल्यापासून ‘चित्रकार’ म्हणून कौतुक झालेल्या मुलांना फारच टोचतं. पुढे नोकरीच्या मुलाखतीतही हेच प्रश्न येतात, म्हणून फसलेले कागद फेकायचे नाहीत. पोर्टफोलिओत त्यांना किंमत असते.

या पद्धतीतून काय निघतं, याचं आपल्या भाषेतलं उदाहरण म्हणजे आयडीसीत तयार झालेला ‘स्वरचक्र’ कीबोर्ड. अक्षराला बोट लावलं की त्याची बाराखडी भोवती गोलात उमटते. मराठी लिहिणारा मात्रा-वेलांट्यांशी अडखळतो, हे ओळखूनच तो केलेला आहे. नस्तालीकची गोष्टही तशीच. उर्दूची ही तिरकी उतरती लिपी छापखान्याच्या खिळ्यांत नीट बसत नव्हती, म्हणून अखबार वर्षानुवर्षं कातिबांच्या हातानं लिहिले गेले. १९९४ मध्ये दिल्लीत तयार झालेल्या ‘इनपेज’नं ते काम कॉम्प्युटरवर आणलं. थोडक्यात, हे क्षेत्र आपल्याला परकं नाही.

काही घरांत दबक्या आवाजात आणखी एक प्रश्न येतो, ‘तस्वीर काढणं जायज आहे का?’ मसल्याचा निर्णय आम्ही देणार नाही, तो आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावा. एवढंच सांगतो की डिजिटल डिझाइनचा मोठा भाग अक्षरं, फॉर्म, नकाशे, आकडे आणि पडद्यांची मांडणी यांचा आहे, सजीवांची चित्रं न काढताही त्यात भरपूर काम असतं.

मुलींबद्दल ‘बाहेर फिरावं लागेल’ ही काळजी ऐकू येते. फिरावं लागतं, खरं आहे. पण घरी बसून मणी ओवणाऱ्या, फॉल-पिको करणाऱ्या बायका हिशेब कसा ठेवतात, मुकादमाशी व्यवहार कसा करतात, हे बघायला बाहेरच्या डिझाइनरला त्या घरात प्रवेशच नाही. आपल्या मुलीला आहे.

प्रवेशासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते, विज्ञानच हवं हा गैरसमज आहे. आयआयटी मुंबई आणि इतर काही संस्थांच्या बी. डेस.साठी ‘यूसीड’ ही परीक्षा आहे. एक भाग कॉम्प्युटरवर, दुसरा कागदावर रेखाटनाचा. एनआयडीची परीक्षा वेगळी, तिचे दोन टप्पे असतात. यूसीडची प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते, त्यामुळे उर्दू आणि मराठी माध्यमाच्या मुलांनी अकरावीपासूनच इंग्रजी वाचन वाढवावं. शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षा दिल्या तर हात तयार होतो. खासगी कॉलेजांची फी लाखांत जाते. म्हणून जागा पक्की करण्याआधी तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा, ‘शेवटचं प्रोजेक्ट कुणासाठी केलं आणि त्या माणसाला किती वेळा भेटलात?’ उत्तरात फक्त सॉफ्टवेअरची नावं आली, तर दुसरं कॉलेज बघा.

यूसीडचे फॉर्म साधारण ऑक्टोबरमध्ये निघतात आणि परीक्षा जानेवारीत होते. म्हणजे बारावीच्या निकालाची वाट बघत बसलात, तर ते वर्ष गेलेलं असतं.